बार्टलीने एकदाच विचारलं

फेस्टी मुल्रूनीला त्याच्याच बैलाने कुंपणापलीकडे भिरकावलं, तेव्हा तो दोन तास चरात पडून होता. मी पोचले तेव्हा त्याच्या तीन बरगड्या मोडलेल्या, एक पाय भलतीकडे वळलेला आणि ओठ निळे. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाला, "ग्रँड."

आमच्या किल्वारा गावात ह्यापलीकडचं उत्तर कोणाला येत नाही. पुस्तकी इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ भव्य, शाही, थाटामाटाचा असा काहीतरी असेल. तसलं काही आमच्याकडे नव्हतंच, तेव्हा रिकामा बसलेला शब्द आम्ही घरकामाला लावला. पाऊस आडवा न येता सरळ पडत असेल तर दिवस ग्रँड. कोणी पायावर पाय दिला आणि माफी मागितली तर ग्रँड, म्हणजे जाऊ दे. फोन ठेवायचा असेल तर ग्रँड, ग्रँड, ग्रँड, म्हणजे आता पुरे. शवपेटीतल्या माणसाकडे बघूनसुद्धा बायका म्हणतात, किती ग्रँड दिसतोय. जिवंतपणी तो एक दिवस तसा दिसला नव्हता, हे त्या वेळी कोणी काढत नाही.

मी वीस वर्षं इंग्लंडात लीड्सला नर्स होते. तिथे आमच्या मुलखाचा एक म्हातारा पोटाला हात लावून दाखल झाला आणि नव्या मुलीने विचारल्यावर ग्रँड म्हणाला. तिने बिचारीने ते खरं मानून तसंच लिहून टाकलं. मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि सांगितलं, बाई गं, आमचा माणूस ग्रँड म्हणाला की आधी नाडी बघायची. संध्याकाळपर्यंत त्याचं अपेंडिक्स काढलं होतं.

पण हा शब्द सगळ्यात जास्त खपतो तो नको म्हणायला. कोणाच्या घरी गेलात की चहा विचारतात. तुम्ही म्हणायचं, नको, मी ग्रँड आहे. पुन्हा विचारतात. पुन्हा नको, ग्रँड. तिसऱ्यांदा विचारलं की मग कपाळाला आठी घालून, जसं काही समोरच्याच्या भल्यासाठी, म्हणायचं, बरं, तू करतच असशील तर. पहिल्या विचारण्याला हो म्हणणाऱ्याला आईबापांनी वळण लावलं नाही असं समजतात. आणि जो एकदाच विचारून गप्प बसतो, त्याला काय समजतात ते मी लिहीत नाही, कारण तो माझा भाऊ आहे.

बार्टली माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणजे अठ्ठावन्नचा. चाळीस मेंढ्या, अकरा गाई आणि मी, एवढा त्याचा संसार. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी लीड्स सोडून ह्या घरी परत आले. आई चार वर्षांनी गेली, मी राहिले. माझी खोली तळ्याच्या बाजूची आहे. सकाळी अंथरुणातून तळं दिसतं, आणि ते बघितल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. घर मात्र बार्टलीच्या नावावर आहे, ज्याचं शेत, त्याचं घर. आणि आमच्याकडे सून एका दाराने आत आली की नणंद दुसऱ्या दाराने बाहेर पडते. कोणी तसं सांगत नाही. तिलाच कळायला हवं असतं.

म्हणून खोटं कशाला बोलू. अट्रॅक्टा गिल्हूलीबद्दल मला सगळं दिसत होतं आणि मी मूग गिळून बसले होते.

अट्रॅक्टा चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. त्या वर्षीपासून दर सप्टेंबरात बार्टली तिचं जळण पोचवतो. आमचं जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, टर्फ म्हणतो आम्ही. स्वतःच्या घरचं टर्फ तो परसात ओतून मोकळा होतो. तिच्याकडे एकेक वीट भिंतीसारखी रचतो. धर्माचं त्याला फारसं वेड नाही, पण ऑर्गनच्या बाजूच्या बाकावरची त्याची जागा अकरा वर्षांत चुकली नाही. हे काय कळायला नर्स असावं लागतं?

ऑक्टोबरच्या एका सोमवारी अट्रॅक्टाच्या फाटकावर 'घर विकणे आहे'ची पाटी लागली. मुलगी ऑस्ट्रेलियात, तिला दुसरं बाळ झालेलं, आईला कायमची बोलावत होती. तिकीट नोव्हेंबरातलं. मंगळवारी बार्टलीने ट्रेलर काढला आणि तिच्याकडे आणखी टर्फ पोचवून आला. मी म्हटलं, अरे, ती उन्हाळ्याच्या देशात चाललीये, तिला जळण कशाला? तो म्हणाला, नोव्हेंबरपर्यंत थंडी असतेच की.

गुरुवारी दुपारी जेवताना त्याने ताटात बटाटे तसेच ठेवले. बार्टली आणि उरलेला बटाटा, असं ह्या घरात आईच्या मरणाच्या दिवशीसुद्धा झालं नव्हतं. बेकनला त्याने हात लावला नाही. खिडकीतून बाहेर बघत होता, आणि बाहेर बघण्यासारखं फक्त कोबीचं शेत होतं. मला त्याची इतकी दया आली की माझ्या खोलीचा विचार मी बाजूला ठेवला. अगदी बाजूला नाही, पण तोंड उघडण्याइतका.

"तिला विचारत का नाहीस?" मी म्हटलं.

कोणाला, काय, असं काही त्याने केलं नाही. म्हणाला, "विचारलं होतं."

माझा काटा हातातच राहिला. "कधी?"

"पाच वर्षं झाली. टर्फ रचताना. इकडे येऊन राहशील का म्हटलं."

"आणि ती?"

"म्हणाली, छे रे, मी ग्रँड आहे."

"मग तू काय म्हणालास?"

"मी पण म्हटलं ग्रँड. आणि ट्रेलर घेऊन आलो."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे विघ्न एकच होतं आणि ते माझ्यासमोर बसून कोबीकडे बघत होतं. मी विचारलं, पुन्हा विचारलंस का? नाही म्हणाला. पाच वर्षांत? नाही. टपालवाल्याला चहा तीनदा विचारतोस, मी म्हटलं, बैल घ्यायला जातोस तेव्हा तीनदा पाठ फिरवतोस आणि तीनदा परत येतोस, आणि बाईला एकदा?

"बैलासमोर लाज वाटत नाही," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की दाढी कर, आपण आत्ताच्या आत्ता जातोय. त्याने अंत्ययात्रेला घालायचा कोट घातला, कारण दुसरा नव्हता. वाटेत गाडीत मीच बोलत होते. सून घरात आल्यावर मी कुठे जाईन ते मनात आणायचं नव्हतं, म्हणून जरा जास्तच बोलत होते.

अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात खोकी लागली होती. कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाल्या होत्या, तीन कप तेवढे बाहेर होते. तिने चहा विचारला. आम्ही दोघं म्हणालो ग्रँड. तिने पुन्हा विचारला, आम्ही पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने विचारायच्या ऐवजी किटलीच ठेवली, इतकी वर्षं ओळखते ती आम्हाला. बार्टली हवेबद्दल बोलला. मग मेंढ्यांबद्दल. मग पुन्हा हवेबद्दल, जसं काही मेंढ्यांचं ऐकून हवा बदलली असेल. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली आणि कोंबड्या बघून येते म्हणून उठले.

कोंबड्या तिने गेल्याच आठवड्यात फेस्टीला दिल्या होत्या. हे तिघांनाही माहीत होतं. मी बाहेर दाराला टेकून उभी राहिले आणि सगळं ऐकलं.

"अट्रॅक्टा, मागे मी एक विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तेच परत विचारतोय."

किटली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू विटांकडे बघत विचारलंस, बार्टली. मी नको म्हटलं आणि किटली ठेवायला वळले. परत बघते तर तुझा ट्रेलर फाटकाबाहेर. पुढचे कितीतरी दिवस वाटायचं, आता येईल, आता विचारेल." वर्तमानपत्राचा कागद चुरगळल्याचा आवाज आला. "आता तिकीट काढून झालंय. राहू दे. मी ग्रँड आहे."

खुर्ची सरकली. बूट दाराकडे यायला लागले. माझा भाऊ म्हणजे शब्दाला शब्द समजणारा गाढव, तो निघालाच होता. दार उघडलं तर समोर मी. मी बाजूला झाले नाही. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिले आणि त्याच्याकडे बघितलं. लहानपणी शाळेतून पळून आला की आई अशीच उभी राहायची.

तो वळला. टोपी दोन्ही हातांत पिळत होता.

"तू ग्रँड नाहीयेस," तो म्हणाला. "मी पण नाही. पाच वर्षांत एक दिवस नाही. तिसऱ्यांदा विचारतो, आणि नको म्हणालीस तर चौथ्यांदा विचारीन. येशील का?"

आमच्या गावात कोणी कोणाला 'तू ग्रँड नाहीयेस' असं तोंडावर म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. अट्रॅक्टा खोक्याची कड धरून उभी होती. तिने डोळे पुसले, आठी घातली आणि म्हणाली, "बरं. तू विचारतच असशील तर."

मग चहा झाला. ऑस्ट्रेलियाचं तिकीट जायचं-यायचं करून घ्यायचं, महिनाभर राहून बाळाला बघून परत यायचं, असं त्या दोघांत ठरलं. बार्टलीने तीन सँडविच खाल्ली. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता, आणि त्याच वेळी मी मनातल्या मनात माझी पुस्तकं खोक्यात भरत होते. तळ्याच्या खिडकीला कुठला पडदा लावतील, हा विचारसुद्धा येऊन गेला.

अट्रॅक्टाने माझ्या कपात चहा ओतला. "आणि डिंपना, तू राहशील ना आमच्याबरोबर?"

"छे गं," मी म्हटलं, "मी ग्रँड आहे. गावात चर्चच्या मागे नवी छोटी घरं झालीत, मला एकटीला भरपूर. फादरांशी बोललेय मी." फादरांशी मी एक शब्द बोलले नव्हते.

ती म्हणाली, असं कसं, घर एवढं मोठं आहे, आणि तुझा हा भाऊ मला एकटीला झेपायचा नाही. मी हसले. म्हटलं, झेपेल, ग्रँड आहे तो, आणि मीसुद्धा.

ती खाली बघून ब्रेडचे तुकडे गोळा करायला लागली. दोनदा विचारून झालं होतं. मी नको म्हणून बसले होते आणि तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं की नको म्हटल्यावर माणूस किती घाबरलेला असतो. आयुष्यभर लोकांना हसले मी ह्या शब्दावरून. त्याच्या आत बसून कोणी पुन्हा विचारायची वाट बघणं काय असतं, हे मला माहीत नव्हतं. मी कपाकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर दोघांनाही सगळं दिसलं असतं.

बार्टलीने सँडविच खाली ठेवलं. ह्या माणसाने मला आजवर मीठ दे, झाकण कुठे आहे, ह्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

"डिंपना," तो म्हणाला, "राहशील का?"

पुढे काय म्हणायचं असतं ते मला पाठ होतं. आठी घालायची, उपकार केल्यासारखं करायचं. ते काही जमेना. "राहते," मी म्हटलं, आणि आवाज नीट फुटला नसेल, त्याला ऐकू गेलं नसेल, असं वाटून पुन्हा एकदा म्हटलं, "राहते."