दाराच्या पोटातलं पाणी

त्या सकाळी बंदरावरच्या टॅक्सीतळावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. गंजमहाराज आले होते. जिथलं खारं वारं पत्रे कुरतडून खातं, तिथे लोखंडाची दृष्ट काढणारा माणूस म्हणजे देवच. एका गाडीच्या तांबारलेल्या कडेवर त्यांनी अर्काचा बोळा फिरवला. थोडा फेस आला, आणि गंजाखालून पांढरा पत्रा हसला.

"खाऱ्या वाऱ्या, मागं सर, पत्र्यावरली नजर उतर," महाराज गुणगुणले. "आता दाराखालची भोकं मेणानं बुजवा. तिथूनच गाडीची पुण्याई गळते. आणि खालून पाणी मारायचं नाही, अर्क धुऊन जाईल."

अर्काच्या बाटल्या आणि मेण, दोन्ही त्यांच्याकडेच विकत मिळत होतं.

अण्णांनी आपल्या टॅक्सीला अर्क फासला आणि भोकं बुजवली. ती टॅक्सी घराचं पोट भरत होती. गाडीच्या दारातून अंगणात ठिबकणारं तांबडं पाणी दुसऱ्याच दिवशी थांबलं.

"बघ, गळती बंद," ते बहिणीला म्हणाले. तिला सगळे ताई म्हणत; ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"मग पाणी गेलं कुठे, अण्णा? काचेच्या फटीतून दारात उतरतं ते. बाहेर पडावं म्हणून तर भोकं ठेवलेली असतात."

"हे शाळेत शिकव. माझ्या पोटावर प्रयोग नकोत."

पावसाळा सरला. एक म्हातारी टॅक्सीत चढताना दाराखालच्या उंबऱ्यासारख्या पट्टीवर पाय ठेवायला गेली आणि पाय सरळ पत्र्यातून आरपार गेला. खरचटण्यावर निभावलं. अण्णा गाडी घेऊन घरी आले. ताईनं केसातल्या आकड्यानं मेण उकरलं. चहाच्या रंगाची धार लागली, मागून पत्र्याचे पापुद्रे. बादली भरली तरी धार तुटेना.

मग तिनं अर्काची बाटली हुंगली, न्हाणीघरातून दुसरी बाटली आणली आणि गंजक्या कडीवर फडकं फिरवलं. तोच फेस, खालून तसंच पांढरं लोखंड.

"संडासाचं ॲसिड?" अण्णांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली.

"अत्तर घातलेलं. गंज खातं, आणि धुतलं नाही तर पत्राही खातं."

वेल्डरनं दाराखालचा पत्रा बोटानं टोचून पाहिला. "टाका घालायला कापड तरी हवं ना, अण्णा. हे नुसतं जाळं उरलंय."

टॅक्सी भंगारात गेली.

महाराज पुन्हा आले तेव्हा अण्णा गर्दीत शिरले, ॲसिडची बाटली घेऊन. सगळ्यांसमोर गंज उतरवून दाखवला. "लोखंडाला मंत्र कळत नाही रे. त्याला पाणी कळतं, मीठ कळतं. मीठ धुवा, गाडी वाळू द्या, भोकं मोकळी ठेवा. एवढंच."

"तुमची श्रद्धा कमी पडली, अण्णा," कुणीतरी म्हणालं. "म्हातारपणी ताईच्या नादी लागलात," दुसरा म्हणाला. लोक हसले.

अण्णा गुडघ्यांवर बसले. शेजारच्या टॅक्सीचं मेण त्यांनी किल्लीनं टोचलं. तांबडी धार सुटली, सगळ्यांच्या चपलांखालून वाहत गेली. लोक पाय उचलून मागं सरले.

महाराजांनी डोळे मिटले. "पाहिलंत? गरिबाची पुण्याई सांडली."

टॅक्सीवाला धावत आला. त्यानं वाकून भोकावर अंगठा दाबला. "माझ्या पोटावर का उठलात, अण्णा? महाराज, मेण द्या हो, लवकर द्या."

महाराजांनी मेण पुढे केलं. अण्णा चिखलात तसेच बसून होते.

"अंगठा काढ, बाळा," ते म्हणत राहिले. "जाऊ दे ते पाणी. अंगठा काढ."