खारेवलीच्या फाट्यावरून

शीळफाट्याकडून कल्याणच्या बाजूला येताना कचऱ्याचा मोठा ढीग लागला, की जरा थांबा. त्या ढिगात कमरेपर्यंत रुतलेली पत्र्याची पाटी म्हणजे मी. 'खारेवली, लोकसंख्या ६४०' एवढंच माझ्या अंगावर लिहिलंय. इतकी वर्षं गप्प होते. आता किळस पोटात मावेनाशी झालीय.

धाकू पेंटरने मला रंगवलं तेव्हा दोन्ही अंगांना भातखाचरं होती. आकडा लिहिताना त्याने सरपंचांना विचारलं, "उद्या कुणाकडं बारसं झालं तर?"

"खोडून नवा लिही," सरपंच हसले. कुणी कधी खोडला नाही.

शेतं विकली गेली, टॉवर आले. टॉवरवाले नाकाला रुमाल लावून गाडीच्या खिडकीतून पिशवी भिरकावतात आणि गाव घाणेरडं म्हणतात. गाववाले त्यांना शिव्या घालतात आणि माशांची खवलं माझ्याच पायाशी ओततात. पाण्याचा टँकर आला की दोघे एकमेकांच्या अंगावर धावतात, आणि मिळालेल्या पाण्याने गाड्या धुतात.

मला पुसणारा एकच होता, पोपटदादा. बायको कलावतीबरोबर तो फाट्यावर भाजी विकायचा. धंदा लावायच्या आधी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायचा. "पाव्हन्याला गाव गावला पायजे," म्हणायचा.

मग मितेश आला. जमिनीच्या पैशावर बिल्डर झालेला गावचाच पोरगा. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स थेट माझ्यावर बांधला गेला.

"अरे, गावाचा नाव झाकलास," पोपटदादा म्हणाला.

"दादा, गावाला आता कोण ओळखतंय? मला ओळखतात."

वाढदिवस उलटून गेला, पण फ्लेक्स कुणी काढला नाही. अशाच एका दुपारी घरी पोपटदादाच्या छातीत कळ आली. कलावतीने अँब्युलन्स बोलावली. फोनवरच्या नकाशाने ती टॉवरच्या मागच्या गेटावर नेली. वॉचमनने गेट उघडलं नाही. ड्रायव्हर वळून फाट्यावर आला, अगदी माझ्यासमोर उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, "खारेवली कुठंय? अहो, खारेवली?"

कुणी म्हणालं, पुढे. कुणी गाडीची काचसुद्धा खाली केली नाही. मी फ्लेक्सवरच्या मितेशच्या गॉगलमागे गुदमरत होते. गाडी पुढे गेली. परत येईपर्यंत पोपटदादा संपला होता.

दहाव्याचं कार्य व्हायच्या आत माझ्यावर नवा फ्लेक्स चढला. 'गावाचा आधार हरपला.' मधोमध हात जोडलेला मितेश, भोवती पांढऱ्या शर्टातली पंधरा-वीस माणसं, त्यातला एक तर चक्क दात काढून हसतोय. पोपटदादा वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा. लोक येऊन आपापला चेहरा शोधत होते. पोपटदादाचा सख्खा पुतण्या कुरकुरला, "मला खालच्या लाइनीत टाकलं!"

दुसऱ्या सकाळी कलावती कोयता घेऊन आली. मितेश धावत आला. "काकी, मी मोठा फोटो सांगितलेला. प्रिंटवाल्याने घोळ घातला."

"तू माज्या मान्साला वलखतस?"

"असं काय बोलतेस? घरचाच होता तो."

"मंग त्याचे घरान पाय ठेवलास कवा?"

तिने दगडावर चढून पोपटदादाचा तेवढा तुकडा कापला, पदराने पुसला आणि घेऊन गेली. ती पुन्हा फाट्यावर बसली नाही. ठाण्याला लेकीकडे, संचिताकडे गेली. ती गेल्याचं गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्या जागेवर आता कुणाची तरी गाडी लागते.

भंगारवाला रोज इथून जातो. तुमची-त्याची ओळख असेल तर एक सांगा: मला उपटून ने म्हणावं. ठोकून सपाट कर, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाक. कोंबड्यांची घाण मी आनंदाने सोसेन. पण या माणसांचं नाव आता माझ्या अंगावर नको.