कोरं लुगडं

भुजंगराव दफेदारांनी माझ्याकडे सुई मागितली, तेव्हा मला वाटलं, पायात काटा मोडला असेल.

कानडी मुलखात, नझरबादेत, आमच्या आळीत मराठ्यांची दहा-बारा घरं, बहुतेकांचे पुरुष महाराजांच्या घोडदळात जन्म काढलेले. त्यांत भुजंगराव सगळ्यांत ताठ. पेन्शनीत निघून तीन वर्षं झाली होती, तरी मिशीचा पीळ आणि चालण्यातला रुबाब तसाच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. बायकांकडे काही मागायचं म्हणजे त्यांना आधी चारदा खाकरावं लागे.

"काट्याला मोठी सुई हवी का बारीक?" मी विचारलं.

"काटा नाही, अक्का. गोधडी शिवायची आहे. गिरिजेच्या बाळाला."

गिरिजा त्यांची एकुलती एक लेक, बेळगोळला दिलेली. पहिलं बाळंतपण, महिन्याभरात माहेरी यायची होती. आमच्यात बाळाची पहिली गोधडी आजोळची, आणि तीही आजीच्या जुन्या लुगड्याची. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. नेसून, धुऊन मऊ पडलेलंच हवं. आळीत कोणी हे विसरलं, तर आठवण करून द्यायला मी होतेच. पण भुजंगरावांच्या घरात आजी कुठे होती? भवानीबाई जाऊन वर्ष होत आलं होतं.

"मी शिवते की. तुम्ही सुम्ने, उगी बसा," मी म्हटलं.

"बेडा, नको, अक्का. ती असती तर तिनं शिवली असती. ती नाही तर मी शिवणार."

सहा दिवसांनी ते गोधडी घेऊन आले आणि माझ्या ओसरीवर भिंतीला टेकवून उभी केली. उभी केली म्हणजे खरंच उभी केली. ती राहिली पण. स्वतःची जुनी पागोटी एकावर एक घालून, मेण लावलेल्या जाड दोऱ्यानं, ओढून ओढून टाके मारले होते. उभा जन्म घोड्यांची खोगिरं दुरुस्त केलेला माणूस, त्याला दुसरा टाका कुठून येणार?

मी हसायला लागले. त्यांना राग आला.

"हसू नका. घोडा उधळला तरी हा टाका सुटत नाही."

"बाळ उधळणार नाही, भुजंगराव. झोपणार आहे."

त्या दिवसापासून रोज दुपारी ते माझ्या ओसरीवर शिकायला बसू लागले. आधी सगळे टाके उसवायला लावले, त्यातच चार दिवस गेले. मग घड्या काढून कापड जमिनीवर पसरायचं, तळवा फिरवत राहायचं, एक सुरकुती राहता कामा नये. काठापासून सुरुवात करायची आणि फिरत फिरत मधे यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोरा ओढायचा नाही, नुसता जाऊ द्यायचा. हे शेवटचं त्यांना जमेना. दर टाक्याला हाताला सवयीनं हिसका यायचा आणि कापड आक्रसायचं.

"सैल सोडा," मी म्हणायची.

"सैल सोडलं तर धरील कसं?"

"एका टाक्यानं धरायचं नसतं. हजार टाके मिळून धरतात."

पंधरा दिवसांनी एका चिंधीवर त्यांची बरीशी ओळ आली. तोंडावर मी 'बरी आहे' एवढंच म्हटलं, पण मनातून मला फार कौतुक वाटलं. मग म्हटलं, आता भवानीबाईंचं लुगडं आणा, खरी गोधडी घालू.

ते उद्या म्हणाले. उद्या परवावर गेलं. कधी डोकं दुखे, कधी ट्रंकेची किल्ली सापडेना. गिरिजाही येऊन पोचली, तरी ह्यांचं लुगडं काही येईना. शेवटी माझा ताबा सुटला. म्हटलं, मेलेल्या माणसाचं कापड कवटाळून बसता आणि येणाऱ्या जिवाला द्यायला हात आखडता, हे काही बरं नव्हे.

ते उठून गेले आणि लुगडं आणून माझ्यापुढे ठेवलं. निळं सुती, लाल काठाचं. घडी मोडलेली नव्हती. हात लावला तर खळ बोटांना लागली.

"दफेदारी मिळाली तेव्हा बेंगळूरहून आणलं होतं," ते म्हणाले. "गिरिजेच्या बाळंतपणात नेसेन म्हणाली होती. एकदाही नेसली नाही. एवढं एकच उरलंय, अक्का."

भवानीबाईंची नेसती लुगडी तेराव्याला मीच वाटून टाकली होती, आणि तेच विसरून आता लुगडं मागत होते. रीतच तशी. कामाला आलेल्या बायकांना एकेक दिलं, आणि भुजंगराव ओसरीवर बसून नुसते बघत होते. एखादं ठेवू का, हे मी त्यांना विचारलंसुद्धा नाही.

"कोरं कापड चालायचं नाही," मी हळूच म्हटलं. "माझी जुनी लुगडी आहेत, लोण्यासारखी मऊ."

"बाळाच्या अंगाला पहिली गोधडी तिची लागायला पाहिजे. मला एवढंच पाहिजे." मग त्यांनी विचारलं, "कोरं कापड जुनं व्हायला किती धुणी लागतात?"

"चाळीस तरी."

गिरिजेला अजून दीड महिना होता. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि उठले.

दुसऱ्या दिवसापासून भुजंगराव दफेदार रोज सकाळी कारंजीच्या तळ्यावर बायकोचं लुगडं धुऊ लागले. मिशा तशाच पिळदार, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि हातात लाल काठाचं लुगडं. तळ्यावरच्या बायकांना बोलायला विषय मिळाला. पुरुष तर तोंडावरच विचारू लागले, दफेदार, आता परिटाची नोकरी धरली का? ते लुगडं आपटत राहत. बाळाची तयारी गरोदर बाईला आधी दाखवत नाहीत, म्हणून वाळत घालायला माझ्या परसात यायचे.

दहाव्या-बाराव्या दिवशी मी म्हटलं, "द्या इकडे, मी धुते. तुमचं हसं होतंय."

त्यांनी लुगडं दोरीवर टाकलं, काठ ओढून सरळ केला, आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"ती पाच महिने अंथरुणावर होती. तिची लुगडी कोण धूत होतं?"

"मी. शेजारधर्म असतो."

"दिवसातून तीन-तीनदा धूत होता. घाण असायची. मी ओसरीवर बसायचो. पुरुष बायकोचं लुगडं पिळतोय हे लोकांनी बघू नये म्हणून. ती आतून बघायची, अक्का. काही म्हणाली नाही कधी." मग म्हणाले, "घोड्यांचं मी सगळं केलं. लीद काढली, जखमा धुतल्या. त्याची लाज नाही वाटली."

त्यांना थोपटावं असं वाटलं, पण आमच्या आळीत तशी रीत नाही. पुन्हा मी ते लुगडं मागितलं नाही.

निळा रंग उतरत उतरत आकाशी झाला. खळ गेली, कापड अंगासरशी पडू लागलं. छत्तीस धुणी झाली आणि गिरिजेचं पोट आठ दिवस आधीच दुखायला लागलं. मुलगी झाली. पहिले दिवस बाळाला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, आणि इकडे माझ्या ओसरीवर भुजंगराव उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत शिवत बसले. लुगडं त्यांनी स्वतः कापलं. मधल्या थराला त्यांचीच जुनी पागोटी घातली. टाके काही सगळे एकसारखे नव्हते, पण एकही आक्रसलेला नव्हता.

पाचवीला दुपारी गोधडी पुरी झाली. मी ती त्यांच्या घरी गिरिजेच्या खोलीत नेली. ते दाराबाहेर उभे राहिले.

"आईच्या लुगड्याची आहे," मी गिरिजेला सांगितलं. "अप्पांनी शिवली."

तिने टाके पाहिलेच नाहीत. गोधडी दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी धरली आणि डोळे मिटून श्वास घेतला. ती काय शोधते आहे हे मला कळलं, आणि मी मान खाली घातली.

"अक्का," ती म्हणाली, "ह्याला आईचा वास नाही येत."

धुतल्यानं वास जातो, असं काहीतरी मी सांगणार होते. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"येणार नाही, बाळा. ती हे कधी नेसलीच नाही. नेसलेली सगळी देऊन टाकली, मी बघत बसलो. हे कोरं होतं, मी धुऊन धुऊन जुनं केलं. ह्यात आई नाही गं." मग म्हणाले, "ह्यात मीच आहे. चालेल का?"

गिरिजा गोधडी छातीशी धरून रडली. मग तिने ती जमिनीवर पसरली, तळव्यानं सारखी केली, आणि बाळ उचलून हातात घेतलं. ठेवलं मात्र नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही ठेवा. आत या."

आमच्यात बारा दिवस पुरुष बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. ही रीत मोडली तर आळीत पहिला आरडाओरडा माझा असायचा. मी उठले आणि दारातून बाजूला झाले.