रंगूबाईचा पेला

मित्रांनो, मी रंगूबाईचा पेला. पितळेचा, बुडाशी जाड, एका अंगाला जरासा चेपलेला. वय सत्तरीच्या आसपास असेल. कल्याणच्या बाजारात एका कासाराने मला घडवलं, आतून कल्हई लावली आणि पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं. नाव घालताना त्याला शिंक आली आणि 'बा'चा काना वाकडा गेला. रंगूबाईला वाचता येत नव्हतं. तरी तिने त्या कान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्यो पोट दुखतंय म्हणून वाकलाय का?" कासार ओशाळला, आणि मी त्याच दिवशी तिच्या प्रेमात पडलो.

ती मला ठाण्याजवळच्या कोलशेत गावात घेऊन आली. तिथे तेव्हा खाडीपर्यंत भाताची शेतं होती. रंगूबाईचा नवरा खाडीत बुडून गेला होता. घरात ती, लहानगा सहदेव, एक खोडकर बकरी आणि मी. ती शेतात राबायची, झाडपाल्याची औषधं जाणायची आणि बकरीशी मोठमोठ्याने भांडायची.

शेजारी राघो राहायचा. कष्टाळू, मुका वाटावा इतका शांत शेतकरी. त्याची बायको हौसाबाई आणि आठ वर्षांचा मुलगा दौलत. एका वर्षी लावणी उरकली आणि हौसाबाई खोकू लागली. मग ताप, मग खोकल्यातून रक्त. क्षय! हा शब्द गावात फिरला आणि माणसांनी तिच्या दाराकडे जाणारी वाट सोडली. तिची खाट पडवीत गेली. सख्खी बहीणसुद्धा अंगणातूनच हालहवाल विचारून परतली.

रंगूबाई मात्र रोज सकाळी जायची. बकरीच्या दुधातली पातळ पेज माझ्यात ओतायची, वर चिमूटभर मीठ.

"मना नको गो," हौसाबाई तोंड फिरवायची. "तुला पण लागंल."

"लागला तर लागला. मग तू मना पाज पेज. पी गो बाय, बकरी रुसंल."

हौसाबाई हसायची आणि हसता हसता दोन घोट जास्त घ्यायची. दौलत उंबऱ्यावर बसून ओरडायचा, "आज आई नऊ घोट प्यायली!" मित्रांनो, पेल्याच्या आयुष्यात याहून मोठी शाबासकी नसते.

रंगूबाईने राघोला सांगितलं होतं, "तिला ठाण्याच्या दवाखान्यात ने. तिथे आता औषध मिळतं म्हणतात." पण घाबरलेला राघो गेला भगताकडे. भगताने तांदळाचे दाणे फेकले, डोळे मिटले आणि विचारलं, "रोज तिच्याजवळ कोण येतं?"

राघोने खरं ते सांगितलं. रोज एकच बाई येत होती. "तीच चेटकीण," भगत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई पेज देऊन, मला हौसाबाईच्या उशाशी ठेवून शेतावर गेली. राघो कोयता घेऊन तिच्यामागून गेला. पुढचं मी पाहिलं नाही. मला फक्त बांधाकडून आलेली किंकाळी ऐकू आली. माझ्यातली पेज तेव्हा अजून कोमट होती.

हौसाबाईने त्यानंतर पेजेचा घोट घेतला नाही. अठरा दिवसांनी तीही गेली. राघो तुरुंगात गेला आणि तिथेच संपला. सहदेवला त्याचा मामा ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीला घेऊन गेला. पण माणूस गेला तरी बोलणं मागे राहतं. गावात कित्येक वर्षं रंगूबाईचं नाव कुणी घेत नसे. 'ती चेटकीण' एवढंच म्हणत.

दौलतला आत्याने वाढवलं. त्याने मला एका पत्र्याच्या पेटीत घातलं, आणि माझी लांबलचक सुट्टी सुरू झाली. शेजारी एक बंद पडलेला रेडिओ आणि लग्नातला कोट. दोघेही अबोल. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी हिरवा पडत गेलो. दौलत रंगाच्या कारखान्यात लागला, निवृत्त झाला, शेतांवर इमारती उठल्या. पेटी एकदा हलली ती थेट नवव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मला वाटलं, आपण विमानात बसलो!

तिथे मला सापडली संचिता, दौलतची नात. कॉलेजात जाणारी, बडबडी, घरभर गाणी म्हणत फिरणारी. तिचा खोकला महिना झाला तरी जाईना. तपासणीत क्षय निघाला. ती पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी कॅलेंडरवर सहा महिन्यांचे चौकोन आखून मोकळी झाली. दौलत मात्र पांढराफटक पडला.

"बाहेर कुणाला सांगू नका," तो घरात म्हणाला. "आणि तिची ताटवाटी वेगळी ठेवा."

"आजोबा, भांड्यांनी टीबी पसरत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. मी मास्क लावते, खिडक्या उघड्या ठेवते. बस झालं ना!"

"तरी वेगळी ठेव."

"ओके! मग मला स्पेशल पेला पाहिजे," असं म्हणत तिने पलंगाखालची पेटी ओढली आणि मला बाहेर काढलं. "अरे, हा भारी आहे! रंगू... बाई. रंगूबाई कोण?"

दौलत धावत आला. "तो नको. तो आपला नाय."

"मग कुणाचा?"

पंच्याहत्तर वर्षांचा दौलत जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बापाचं नाव त्याने सगळ्यात शेवटी घेतलं. संचिताने मला मांडीवर घेतलं.

"तिच्या घरचे कुठे असतात?"

"कोपरीत. साठ वर्षं मी ठाणे स्टेशनला पश्चिमेलाच उतरतोय. पूर्वेला जायचा धीर नाय झाला."

"आता होईल. माझा गोळ्यांचा कोर्स संपला की जाऊया. मी येते सोबत."

सहा महिने ती गोळ्या घेत होती. कधी मळमळायचं, कधी कंटाळा यायचा. पण एकही चौकोन रिकामा राहिला नाही. शेवटचा रिपोर्ट चांगला आला त्या रविवारी आम्ही तिघं कोपरीला गेलो.

विचारत विचारत सहदेवचं घर सापडलं; दार नीलाने उघडलं. ती सहदेवची मुलगी, शाळेत शिक्षिका. दौलतने नुसतं मला पुढे केलं. नीलाने नाव वाचलं, आणि आतल्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्या आपल्या वडिलांकडे मला नेलं. सहदेव आता म्हातारा झाला होता. त्याने चष्मा काढला आणि वाकड्या कान्यावरून बोट फिरवलं.

"आमच्याकडे आईचा फोटोसुद्धा नाही," तो म्हणाला.

दौलतने हात जोडले. "माझ्या बापाने मारलं तिला. आणि मी गप्प राहिलो."

मग नीला स्पष्ट म्हणाली, "काका, इथे चार भिंतींत माफी मागून काय होणार? माझ्या वडिलांना इथल्या शाळेतही पोरं चेटकिणीचा मुलगा म्हणायची. ते गावात सगळ्यांसमोर पुसायला हवं."

"पुसतो," दौलत म्हणाला.

कोलशेतच्या गावदेवीच्या जत्रेला देवळासमोर मांडव होता. माईकवर हरवलेल्या चपलेची घोषणा झाली आणि लगेच दौलतने माईक मागून घेतला. संचिताने माईक खालून धरला.

"रंगूबाई चेटकीण नव्हती," तो म्हणाला. "माझी आय क्षयाने आजारी होती. सगळ्या गावात तिला खाऊ घालायला एकटी रंगूबाई येत होती. माझ्या बापाने तिचा जीव घेतला. यंदा माझ्या नातीला तोच आजार झालेला. तिने औषध घेतलं, बरी झाली. ही बघा, उभी आहे!"

संचिताने हात हलवला. कुणीतरी मागून विचारलं, "अगं, मग तू आम्हाला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "आता सांगतेय ना, माईकवर!" मांडव हसला. आणि मग एक म्हातारी उठली. तिने आधी हळू, मग मोठ्याने म्हटलं, "रंगूबाय! चांगली होती गो ती. माझी पण खरूज तिनंच बरी केली." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली.

नीलाच्या पिशवीतून मी सगळं ऐकत होतो. शेजारी उभा असलेला सहदेव हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या आईचं नाव या गावात इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच ऐकतोय."

आता मी कोपरीत असतो. नीला मला शोकेसमध्ये ठेवेल अशी भीती होती, पण तिने मला चिंचेने घासलं, नवी कल्हई करून आणली आणि रोजच्या पाण्याला काढलं. घासताना गुदगुल्या होतात, पण तक्रार नाही.

मित्रांनो, मला पेटीत टाकू नका एवढंच मागणं मी मागितलं असतं. पण मी म्हातारा पेला, थोडं जास्त मागतो. तुमच्या ओळखीत कुणी आजारी पडलं, तर त्याला औषधापर्यंत पोहोचवा. मग त्याच्या दाराशी जा, त्याच्याशी हसा, बोला. कुणी तुमच्या कानात सांगितलं की अमुक बाई वाईट आहे, तर विश्वास ठेवण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या. बहुतेक वेळा ती चुलीपाशी बसून कुणासाठी तरी काहीतरी शिजवत असते.