पहिल्या हाकेला

आमच्या वर्गाचं वेळापत्रक पेणची खाडी ठरवत असे. पाणी चढलं की वर्ग, पाणी उतरलं की सुट्टी. ओहोटीला बाया चिखलात चिंबोऱ्या धरायला जात, उन्हाळ्यात मिठागरावर मीठ ओढत, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात त्यांना दहावी व्हायचं होतं. मी रोह्याजवळच्या अष्टमीहून गाडीने पेणला यायची आणि तिथून टेम्पोने त्या बांधाकाठच्या गावात. उद्या वर्ग किती वाजता, असं विचारलं की बाया मला तिथी सांगत. पंचांग बघून शिकवायला जाणारी तालुक्यात मी एकटीच असेन.

वर्ग समाजमंदिरात भरे. मागच्या दाराला लागून खाडीचा बांध, आणि वर्ग नेहमी भरतीलाच असल्यामुळे पाणी बांधाला टेकलेलं असे. कुणी लेकरू मांडीवर घेऊन बसे, कुणी सुकट निवडत निवडत बेरजा करी. मला त्याचं काही वाटत नसे. वैताग एकाच गोष्टीचा होता. हजेरी घेताना एकही बाई पहिल्या हाकेला ओ देत नसे.

"चंद्रावती," मी म्हणायची. चंद्रावती समोरच बसलेली, माझ्याकडे टकामका बघत, ओठ मिटून. पुन्हा म्हटलं की मग "हजर". सगळ्यांचं तसंच. कारण कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. बांधावर हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असा तिथला रिवाज. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते समाजमंदिरात आल्यावर थोडंच सुटणार? मग मीही मुकाट्याने प्रत्येकीला दोनदा पुकारू लागले.

ते तसंच चाललं असतं, पण त्यात वर्गातल्या मैनेचं एक वर्ष गेलं. परीक्षा पेणला, रामवाडीतल्या एका शाळेत होती. तिथल्या बाई दारात उभ्या राहून एकेक नाव एकदाच पुकारत आणि आत घेत. मैनेने आपलं नाव नीट ऐकलं, दुसऱ्या हाकेची वाट बघत अंगणात बसून राहिली, आणि दार लागल्यावर कुणाला काही न विचारता, लाजून घरी निघून आली. मी तिला इतकं बोलले की शेवटी मलाच रडू आलं.

सगुणेच्या बाबतीत मला असं होऊ द्यायचं नव्हतं. ती वर्गातली सगळ्यात हुशार. मीठ ओढायला चौथीत शाळेतून काढलेली, आता दोन पोरांची आई. तिचा नवरा हिरामण कंपनीतली शिफ्ट करून आला की पोरांना सांभाळी, म्हणजे हिला अभ्यास करता येई. दहावी होऊन काय करणार, असं मी एकदा विचारलं होतं.

"काय नाय," ती म्हणाली. "तवा पाटी माझ्या हातातून काढून घेतली. आता शिकून झालं की माझी मी ठेवीन."

परीक्षेआधी मी पहिल्या हाकेचा सराव सुरू केला. बाकीच्या हसतखेळत शिकल्या. सगुणेची मात्र दातखीळ बसे. तेव्हा चंद्रावतीने मला बाजूला घेऊन सांगितलं. जनी नावाची सगुणेची मैत्रीण होती. दोघींना एकदमच शाळेतून काढलं. जनीला शाळेचं इतकं वेड, की आईने जेवायला बोलावलं तरी ती "हजर" म्हणे. त्याच वर्षी मोठ्या उधाणाला बांध फुटला. दोघी बांधावर होत्या, जनी पुढे, सगुणा बरीच मागे. फुटलेल्या बांधाकडून कुणीतरी जनीला हाक मारली, एकदाच. आवाज हुबेहूब सगुणेचा. सगुणेने तो ऐकला, आणि तिचं तोंड तर बंद होतं. जनी "हजर" म्हणाली आणि आवाजाच्या दिशेने पाण्यात चालत गेली.

जनीची आई हौसा आमच्याच वर्गात होती, सगळ्यांत म्हातारी. तिला परीक्षा द्यायची नव्हती. मागच्या दाराशी बसून ती अक्षरं गिरवी, बस्स.

दुसऱ्या दिवशी भरती दुपारी होती, बाहेर लख्ख ऊन. मी मन घट्ट करून एकदाच म्हणाले, "सगुणा." ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ मिटलेले.

"हजर."

आवाज मागच्या दारातून आला. बारीक, लहान पोरीचा, उतावीळ. मी तरातरा उठून बाहेर गेले. कुणीतरी थट्टा करतंय असं वाटून मला राग आला होता. बांध दोन्हीकडे रिकामा होता. पाणी काठोकाठ भरलेलं, आणि त्यावर साधी लाटही नव्हती. आत आले तर कुणीच दाराकडे बघत नव्हतं. सगळ्या हौसाकडे बघत होत्या.

"माझी जनी हाय ती," हौसा म्हणाली. "बाई, परत हाक मारा."

मी भुताखेतांना मानत नाही. तरी त्या दिवशी अंगावर आलेला काटा गाडी रोह्याला पोचेपर्यंत गेला नाही.

मग ते रोजचंच झालं. मी सगुणेला हाक मारायची, सगुणा गप्प राहायची, आणि बांधाकडून उत्तर यायचं. खुद्द जनीचं नाव पुकारून पाहिलं तर काहीच येत नसे. चंद्रावती म्हणाली, शाळेतही असंच होतं, मिठागरावरून यायला सगुणेला उशीर झाला की जनीच तिची हजेरी लावायची. वर हेही म्हणाली, की ती जनीच आहे कशावरून? जनीला ज्याने नेलं त्याला आवाज काढता येतात. हे तिने हौसाला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं.

हौसाला आता कशाचीच फिकीर नव्हती. ती धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी येऊन बसे. एकदा तिने सगुणेचे दोन्ही हात धरले आणि विनवलं, की तू गप्प राहा, तू बोललीस तर ती कशाला बोलेल? सगुणेने मान डोलावली. परीक्षा तोंडावर आली तेव्हा सगुणा मला म्हणाली की मी पेपरला येणार नाही. मला हौसाची कीव येत होती आणि संतापही येत होता. गेलेल्या पोरीसाठी जित्या पोरीची पाटी दुसऱ्यांदा काढून घेतेस, असं मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं.  त्या दिवशी हौसा वर्ग सुटल्यावरही दाराशी बसून होती.

परीक्षेच्या दिवशी रामवाडीच्या शाळेत पोचले तर अंगणात सगुणा उभी. तिला हाताला धरून हौसानेच आणलं होतं. समोर हायवेवर गाड्यांची घरघर चाललेली, खाडी कुठल्या कुठे राहिलेली. इतक्या लांब जनी यायची नाही, असं हौसा मला म्हणाली, आणि तिने पदराने डोळे पुसले. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

दारातल्या बाईंनी नावं पुकारायला घेतली. चंद्रावती गेली, शकू गेली, यंदा मैनाही धडाधड ओ देऊन आत गेली. मग सगुणेचं नाव आलं. सगुणेने हौसाकडे बघितलं. तिच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती.

"बोल गो," हौसा म्हणाली.

"हजर," सगुणा म्हणाली, चांगली खणखणीत.

दारातल्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एका नावाला एकीनेच बोला. दोघी काय बोलता?"

मी तर एकच आवाज ऐकला होता. सगुणेनेही एकच ऐकला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. हौसा मात्र हसली. सगुणा आत शिरली. बाई दारात जरा जास्तच अंग चोरून उभ्या राहिल्या, मागून आणखी कुणाला तरी वाट द्यावी तशा, आणि मग दार लागलं.

पेपर सुटला. सगुणा बोटं शाईने माखून, हसत बाहेर आली. सगळं लिहिलं, म्हणाली. मी तिला कवेत घेतलं. बाया टेम्पोत चढल्या. हौसा तेवढी पायरीवरून उठेना. शिपाई कुलूप घेऊन आला, तर तिने हात आडवा धरला.

"आजून एक हाय आत," ती म्हणाली. "हळू लिवते ती."

शिपाई माझ्याकडे बघू लागला. उघड्या दारातून आतली रिकामी बाकं दिसत होती. मी त्याला म्हटलं, जरा थांबा, आणि हौसाच्या शेजारी पायरीवर बसले. काय करणार होते? त्या माउलीला उठ म्हणायची माझी हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळाने आत बाक सरकल्याचा आवाज झाला. शिपायाच्या हातातलं कुलूप खाली पडलं. हौसा उठली, पोरीचं बोट धरतात तसा एक हात बाजूला धरून टेम्पोकडे चालू लागली. टेम्पोत सगुणा आधीच सरकून बसली होती, शेजारी दोघींची जागा ठेवून.