जलपर्णीखालचा चिखल

दौंडजवळ भीमेच्या फुगवट्यात पाण्याखाली वनस्पती कुठे वाढतात, याचा नकाशा करायचं काम सत्यजीत सरांच्या संस्थेला मिळालं. सरांनी काठावर खुर्ची मांडली, डोक्यावर छत्री धरायला ड्रायव्हर उभा केला आणि ड्रोन उडवला. दोन दिवसांत नकाशा तयार! जिथे हिरवं दिसलं, तिथे वनस्पती.

त्यांच्या हाताखालची अनुपमा पाबळची, वनस्पतिशास्त्र शिकलेली. ते हिरवं म्हणजे वर तरंगणारी जलपर्णी, हे तिला फोटो बघताच कळलं.

"सर, एकदा होडीतून बघू या."

"होडीचे दिवस गेले आता," सर म्हणाले.

मग तिने सिंधूबाईंची होडी ठरवली. सिंधूबाई तीस वर्षं या पाण्यात जाळं टाकत होत्या. दोघींनी दोरीला लोखंडी दातांचं दाताळं बांधून पाण्यात सोडलं. जलपर्णीखालून नुसता काळा चिखल आला.

"उजेडच न्हाई, तर तिथं उगवंल काय?" सिंधूबाई म्हणाल्या. "मोकळ्या पाण्यात बघा की."

चार दिवसांत साठ ठिकाणं तपासून झाली. अनुपमाने नोंदींची वही सरांपुढे ठेवली. सरांनी ती उघडलीसुद्धा नाही. "हे आपल्या मेथडॉलॉजीत बसत नाही."

पुढच्या आठवड्यात काम देणाऱ्या खात्याच्या अधिकारी बाई पुण्याहून पाहणीला आल्या. सर प्रथमच होडीत चढले, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून, दोन्ही हातांनी काठ धरून.

"ही सगळी पाण्याखालची समृद्धी," त्यांनी जलपर्णीकडे बोट दाखवलं.

सिंधूबाईंनी दाताळं टाकलं. चिखल वर आला आणि सरांच्या पँटीवर उडाला.

"सध्या सीझन नाही," सर म्हणाले.

सिंधूबाईंनी कुणाला न विचारता होडी मोकळ्या पाण्याकडे वळवली. या वेळी दाताळ्याला लांब हिरव्या पात्यांचा झुबका आला. त्यात बारीक कोळंबी उड्या मारत होती.

"बघा, हेच मी सांगत होतो," सर म्हणाले.

अनुपमाला राग यायला हवा होता. पण तिला हसू फुटलं, आणि ते थांबेना.

महिनाभराने अहवाल आला. अनुपमाच्या वहीतली साठही ठिकाणं त्यात होती. नाव एकट्या सरांचं. अनुपमाने राजीनामा दिला आणि वहीच्या पानांचे तारखांसकट फोटो अधिकारी बाईंना पाठवले. अहवाल पुन्हा छापावा लागला. आता नकाशावर अनुपमा आणि सिंधूबाई अशी दोन नावं आहेत. सर 'मार्गदर्शक' आहेत. नदी कशी वाचावी, यावर ते कॉलेजांत भाषणं देतात.