मुळापासून तांबड्या

"या माझ्या नाहीत," असं ओक्काला म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच: "नाही. नाही माझं."

चार पायांच्या काठीवर भार देऊन ती कुंपणाशी उभी होती. मेंदूच्या झटक्याने उजवी बाजू आणि बोलणं लुळं पडलं होतं; तीन महिने इस्पितळात काढून ती घरी आली होती. अंगातला कोट काढायच्या आधीच तिने डाव्या हाताने परसाकडे बोट दाखवलं होतं, आणि मुलीने, तेडाने, तिला दंडाला धरून इथवर आणलं होतं. जाळीपलीकडे दहा-बारा तांबड्या कोंबड्या माणूस दिसल्याबरोबर धावत येऊन चोची पुढे करून उभ्या होत्या.

"तुझ्याच आहेत गं आई. बघ, तुला बघून कशा पळत आल्या."

तिथेच तर पाणी मुरत होतं. ओक्काच्या कोंबड्या कुणाला बघून पळत येत नसत. मान वळवून आधी माणसाला जोखत, मग कोंबडा पुढे होई, मग बाकीच्या. आणि रंग! तिच्या कोंबड्यांचा तांबडा इतका गडद की सावलीत काळा वाटावा आणि उन्हात महोगनीच्या कपाटासारखा तुकतुकावा. शेपटी काळी, हिरवट झाक असलेली. पाठ फळीसारखी सरळ. या समोरच्या पिवळट विटकरी होत्या, बुडाला जड, शेपटीत पांढरी पिसं. आणि कोंबडा कुठे होता?

ओक्काने नवऱ्याकडे पाहिलं. हाब्बो आपल्या रबरी बुटांकडे बघत होता.

"डॉक्टर म्हणालेच होते," तेडा हलक्या आवाजात बापाला म्हणाली. "ओळखीच्या गोष्टी अनोळखी वाटतील म्हणून. असंच होतं का हो हिला?"

हाब्बोने घसा खाकरला. "गोंधळते थोडी," तो म्हणाला. "चला, आत चला. वारा आहे."

ओक्का जागच्या जागी थिजली.

तीस वर्षं तिने या समुद्राकाठच्या सपाट मुलुखात सायकलवरून टपाल वाटलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी टपालाच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्याने मरण्याआधी तिला एक कोंबडा आणि तीन कोंबड्या दिल्या होत्या. "वंश मोडू नकोस," एवढंच तो म्हणाला होता. तेव्हापासून बाहेरचं एक अंडं तिच्या खुराड्यात आलं नव्हतं. गावातले बाकीचे लोक वसंतात चौकात येणाऱ्या गाडीवरून फार्मच्या तांबड्या कोंबड्या घेत. ओक्का त्यांना टोमणे मारी, "घ्या घ्या, यंत्रं घ्या. दोन वर्षं अंडी देतील, मग रश्श्यातसुद्धा चव नाही लागायची." तिच्या कोंबड्या अंडी कमी देत, पण आठ-आठ वर्षं जगत, खुडूक बसत, आपली पिलं आपण उबवत. कुणी उबवणीला अंडी मागितली तर ती दहा प्रश्न विचारी, आणि अकराव्या प्रश्नाला नाही म्हणे. त्यामुळे तो वंश होता तो फक्त तिच्या परसात.

आणि आता सगळे सांगत होते, या त्याच.

पुढचे दिवस ओक्काने भीतीत काढले. कोंबड्या खऱ्या असतील तर डोकं खोटं. हाब्बो कशाला खोटं बोलेल? जन्मभर तो पाणी उपसण्याच्या पंपघरावर कामाला होता. किती पाणी चढलं, किती उतरलं, ते त्याने कधी बोटभरही कमी-जास्त सांगितलं नव्हतं. मग ही किटली तरी आपलीच का? या निळ्या नक्षीच्या कपांचा रंग असाच होता का? एकदा तर तेडा वाकून तिचे मोजे चढवत असताना तिने मुलीच्या कानामागचा तीळ शोधला. तीळ होता. ओक्काला रडू आलं आणि तेडाला वाटलं, मोजा घट्ट झाला.

शनिवारी तेडा शहरात तिच्या घरी गेली होती आणि हाब्बो पाव आणायला. ओक्का काठी टेकत परसात गेली. फाटकाची कडी तिने डाव्या हाताने काढली. हात पुढे करताच जवळच्या कोंबडीने बसकण मारली, पंख जरा फुगवले आणि मुकाट बसून राहिली. फार्मच्या कोंबड्या तशा बसतात. ओक्का ओट्यावर टेकली, कोंबडी मांडीवर ओढली आणि अंगठ्याने पाठीवरची पिसं उलटी सारून मुळाशी पाहिलं.

पांढरं. वरून तांबडं आणि कातडीपाशी कापसासारखं पांढरं.

तिच्या कोंबड्या मुळापासून तांबड्या होत्या. पिसांचा थर कितीही उलगडा, कातडीपर्यंत तोच रंग. म्हाताऱ्याने तिला पहिल्याच दिवशी हे दाखवलं होतं, आणि दर वर्षी पिलं निवडताना तिने तेच पाहिलं होतं.

आधी सुटल्यासारखं वाटलं. डोकं जागेवर होतं! ती हसलीसुद्धा, तोंडाच्या एका बाजूने. आणि मग त्या हसण्यातच दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. म्हणजे हाब्बोला माहीत होतं. तो शेजारी उभा होता, त्याला माहीत होतं, आणि तो म्हणाला होता, गोंधळते थोडी.

तिने ठरवलं, तो आपणहून सांगेल. सांगायलाच हवं. तिने त्याला एक दिवस दिला.

रविवारी तेडा आली ती बातमी घेऊनच. स्वयंपाकघरात कोट न काढताच बोलायला लागली.

"बाबा, त्या घरातली एक खोली रिकामी होतेय. विस्मरण झालेल्या लोकांचं घर, मी बोलले होते बघा. लगेच कळवायला लागेल. मला नाही पटत हो, पण तुम्ही एकटे… आणि ती रोज म्हणते कोंबड्या माझ्या नाहीत. उद्या तुम्हालाही ओळखणार नाही."

ओक्का कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. आता, हाब्बो. आता तरी.

हाब्बोने मेजावरचा पावाचा चुरा तळहाताने गोळा केला. "तुला योग्य वाटेल तसं," तो म्हणाला.

ओक्का उठली. "आई, कुठे निघालीस?" तेडाने विचारलं, पण ती दारातून बाहेर गेली होती. परत आली तेव्हा डाव्या काखेत कोंबडी होती आणि काठी नव्हती. भिंतीला खांदा घासत ती आली होती. तिने कोंबडी मेजावर ठेवली, कपांच्या मधोमध, आणि पिसं उलटी केली.

"टोपी," ती म्हणाली. तिला पीस म्हणायचं होतं. "टोपी… पांढरी! टोपी!"

तेडाचे डोळे भरले. "हो आई. टोपी. छान आहे टोपी."

"नाही!" ओक्काने मूठ मेजावर आपटली. कप हिंदकळला. कोंबडी कॉक् करून दबली. आपला पुरावाच आपल्याला वेडी ठरवतोय, हे तिला लख्ख दिसत होतं आणि शब्द मात्र हाताशी येत नव्हता. ती बोलायची थांबली. पिसं पुन्हा उलटी धरून तिने हाब्बोकडे पाहिलं.

हाब्बोचा चेहरा मातीसारखा झाला.

"तिचं बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे?"

"या गाडीवरच्या आहेत. तिच्या गेल्या. तिला इस्पितळात नेलं त्या संध्याकाळी मी खुराड्याची झडप लावायची विसरलो. कोल्हा आला. सकाळी… एक शिल्लक नव्हती."

तेडा खुर्चीवर बसली. "बाबा, मी डॉक्टरांना सांगितलं, आई कोंबड्या ओळखत नाही. तुम्ही शेजारी होतात. तुम्ही मान हलवलीत!"

"मला वाटलं, एवढ्या आजारातून उठलीय, हे ऐकून पुन्हा पडेल. तिला कळणार नाही असं वाटलं. आणि कळलं, तेव्हा… पहिल्यांदा गप्प बसलो. मग बोलता येईना."

"आणि तिला त्या घरात धाडलं असतंत?"



ओक्काने कोंबडीची पिसं सारखी केली. "कुठे?" तिने विचारलं. हा शब्द मात्र स्वच्छ आला.

"नासपतीच्या झाडामागे. सगळ्या एकत्र पुरल्या." हाब्बो म्हणाला. "कोंबडा दारातच होता, ओक्का. आडवा. त्यांच्या पुढे."

तिने मान हलवली. ते तिला पटलं. तो तसाच होता.

तेडा बाहेर जाऊन कोंबडी सोडून आली, फोनवर कुणाशी तरी कडक आवाजात बोलली, खोली नको म्हणाली. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने चहा केला. कपात खडीसाखर तडकली, वर साय तरंगली. तिघंही प्यायली. त्या मुलुखात तीन कप झाल्याशिवाय चहा झाला असं कुणी म्हणत नाही; पुरे झालं की कपात चमचा उभा ठेवायचा, तोवर समोरचा ओतत राहतो. ओक्का तर चौथाही घेणारी. पहिला संपला तसा हाब्बो उठला, चहाचं भांडं दोन्ही हातांत घेऊन तिच्या खुर्चीशी आला आणि ओतण्यासाठी वाकला.

ओक्काने डाव्या हाताने चमचा उचलला आणि रिकाम्या कपात उभा ठेवला.

भांडं तसंच तिरकं धरून हाब्बो उभा राहिला.